‘छावा’ : इतिहास, कादंबरी आणि चित्रपट
(अभ्यासलेख)

विद्यार्थिमित्रहो, एकच माणूस आपल्याला तीन ठिकाणी भेटतो. जुन्या कागदपत्रांत तो भेटतो, कादंबरीच्या पानांत भेटतो आणि अलीकडे चित्रपटगृहाच्या पडद्यावरही भेटतो. तिन्ही ठिकाणी नाव एकच असते. परंतु तिन्ही ठिकाणचा माणूस अगदी एकच असतो काय? छत्रपती संभाजी महाराज, त्यांच्यावर शिवाजी सावंत यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलेली ‘छावा’ ही कादंबरी आणि तिच्या आधारे लक्ष्मण उतेकर यांनी दिग्दर्शित केलेला, 14 फेब्रुवारी 2025 रोजी प्रदर्शित झालेला त्याच नावाचा हिंदी चित्रपट, या तिहींचा एकत्र विचार या लेखात आम्ही करणार आहोत. वर्गात या चित्रपटाविषयी जितकी चर्चा झाली, तितकी पाठ्यपुस्तकातील संपूर्ण सतराव्या शतकाविषयी क्वचितच होते. मग त्या उत्साहाला थोडी अभ्यासाची जोड दिली तर काय बिघडले?

हा विषय आपल्या कामरेजला परका नाही. ज्या तापी नदीच्या काठी आपण राहतो, त्याच नदीच्या काठी वरच्या अंगाला बऱ्हाणपूर वसलेले आहे. आणि चित्रपटाचा पहिला मोठा प्रसंग घडतो तो बऱ्हाणपुरातच. जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून सुरत जिल्ह्यात पोटापाण्यासाठी आलेली कितीतरी मराठी कुटुंबे या नदीच्या सोबतीनेच खाली उतरली आहेत. शिवाय कामरेज हा एके काळी बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातील महाल होता, हेही ध्यानात ठेवावे. इथल्या मातीत मराठी भाषेची मुळे काल-परवाची नव्हेत.

कादंबरी आणि कादंबरीकार

शिवाजी सावंत यांचा जन्म 1940 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा येथे झाला. कोल्हापूरच्या राजाराम प्रशालेत त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. एका शाळामास्तराने 1967 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, कर्णाच्या जीवनावर ‘मृत्युंजय’ ही प्रचंड कादंबरी लिहिली आणि ती घरोघर गेली. तिचे गुजराती भाषांतरही झाले. त्यानंतर बारा वर्षांनी ‘छावा’ आली. 1983 मध्ये बडोद्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, म्हणजे गुजरातेतील मराठी वाचकांशीही त्यांचा प्रत्यक्ष संबंध आला होता. 2002 मध्ये गोव्यात मडगाव येथे त्यांचे निधन झाले.

‘छावा’ या शब्दाचा अर्थ सिंहाचे पिल्लू. नावातच लेखकाची भूमिका सांगून झालेली आहे. आठशेहून अधिक पृष्ठांच्या या ग्रंथात संभाजी महाराजांचे जन्मापासून मृत्यूपर्यंतचे संपूर्ण आयुष्य आले आहे. दोन वर्षांच्या वयात आईला अंतरलेले मूल, जिजाबाईंच्या मायेत वाढणारा नातू, आग्र्याच्या प्रवासात पित्याबरोबर असलेला नऊ वर्षांचा मुलगा, दरबारातील कुजबुजीने व्यथित होणारा युवराज आणि अखेरीस चोहोबाजूंनी वेढला गेलेला राजा, अशा साऱ्या अवस्था लेखकाने सावकाशपणे उभ्या केल्या आहेत. भाषा संस्कृतप्रचुर, अलंकारिक आणि भारदस्त आहे. आजच्या वाचकाला प्रथम ती जड वाटण्याचा संभव आहे. परंतु पन्नास पाने नेटाने वाचली की तिचा ओघ आपल्याला आपोआप पुढे नेऊ लागतो.

कादंबरी लिहिण्यापूर्वी मराठी मनात संभाजी महाराजांचे कोणते चित्र होते, हे जाणल्यावाचून तिचे महत्त्व कळणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्हार रामराव चिटणीस यांनी बखर लिहिली. तीत संभाजी महाराजांचे चित्र उतावळा, क्रूर आणि व्यसनी राजा असे आहे. पुढे 1826 मध्ये ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यातही हाच सूर कायम राहिला. नाटककारांनीही तेच चित्र उचलले. राम गणेश गडकरी यांचे अपुरे राहिलेले ‘राजसंन्यास’ हे नाटक त्याचे ठळक उदाहरण होय.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. बखरकार चिटणीस हे बाळाजी आवजी चिटणीस यांच्या घराण्यातील. या बाळाजी आवजींना संभाजी महाराजांनी 1681 मध्ये, कटात सामील असल्याच्या आरोपावरून, देहदंड दिला होता. आपल्या पूर्वजाला ज्याने मृत्युदंड दिला, त्याच्याविषयी शतकाहून अधिक काळानंतर लिहिणाऱ्याची लेखणी तटस्थ राहील काय? बखर खोटी आहे असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु तिची साक्ष तपासून घेतली पाहिजे, इतके मात्र निश्चित सिद्ध होते. न्यायालयात साक्षीदाराला प्रथम विचारतात की, आरोपीशी तुझे पूर्ववैर आहे काय? इतिहासातही हाच प्रश्न प्रथम विचारावयाचा असतो.

हा प्रश्न चिकाटीने विचारणारे संशोधक म्हणजे वा. सी. बेंद्रे. मूळ कागदपत्रे शोधून त्यांनी लिहिलेले संभाजी महाराजांचे चरित्र 1960 मध्ये प्रसिद्ध झाले. 1971 मध्ये डॉ. कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ हा ग्रंथ आला. ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ रचणारा विद्वान, नऊ वर्षे एकाच वेळी अनेक शत्रूंशी झुंजणारा सेनानी आणि प्रशासनात लक्ष घालणारा राजा, असे एक निराळे चित्र या संशोधनातून पुढे आले. वसंत कानेटकर यांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (1962) आणि ‘इथे ओशाळला मृत्यू’ (1968) या नाटकांनी रंगभूमीवर सहानुभूतीचे वातावरण निर्माण केले होतेच. ‘छावा’ला ही पूर्वतयारी लाभली. संशोधकांनी घासून-पुसून स्वच्छ केलेली मूर्ती कादंबरीकाराने सामान्य वाचकाच्या देवघरात नेऊन ठेवली, असे म्हटले तर वावगे होणार नाही. तथापि देवघरात गेलेल्या मूर्तीची चिकित्सा करणे अवघड होते, हाही त्याचाच दुसरा परिणाम होय.

इतिहासाची रूपरेषा

चर्चा पुढे नेण्यापूर्वी मुख्य घटना क्रमाने सांगतो. संभाजी महाराजांचा जन्म 14 मे 1657 रोजी पुरंदर किल्ल्यावर झाला. 1678 च्या डिसेंबरात ते मोगल सरदार दिलेरखान याच्या गोटात गेले आणि सुमारे वर्षभराने परत आले. 3 एप्रिल 1680 रोजी शिवाजी महाराजांचे निधन झाले. गादीसंबंधीच्या वादानंतर जानेवारी 1681 मध्ये रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस मराठ्यांनी बऱ्हाणपूर लुटले. जूनमध्ये औरंगजेबाचा बंडखोर पुत्र शाहजादा अकबर मराठ्यांच्या आश्रयास आला. मग स्वतः औरंगजेब दक्षिणेत उतरला, आणि तो पुन्हा कधीच दिल्लीस परतला नाही. 1707 मध्ये अहमदनगर येथे त्याचा अंत झाला.

मधल्या वर्षांत नाशिकजवळच्या रामसेज किल्ल्याने मोगलांना वर्षानुवर्षे दाद दिली नाही. जंजिऱ्याचा सिद्दी आणि गोव्याचे पोर्तुगीज यांच्याशी युद्धे झाली. 1686 मध्ये विजापूर व 1687 मध्ये गोवळकोंडा मोगलांनी जिंकले, आणि मग बादशाहाची सारी शक्ती मराठ्यांवर येऊन कोसळली. 1687 च्या अखेरीस वाईजवळील लढाईत सरसेनापती हंबीरराव मोहिते धारातीर्थी पडले. 1 फेब्रुवारी 1689 रोजी संगमेश्वर येथे मुकर्रबखानाने महाराजांना आणि कवी कलशांना पकडले. 11 मार्च 1689 रोजी भीमाकाठी अनन्वित छळानंतर त्यांचा वध करण्यात आला. त्या वेळी महाराजांचे वय बत्तीसही पूर्ण नव्हते.

या घटना आपल्याला कशावरून कळतात? मराठी पत्रे आहेत. साकी मुस्तैदखानाचा ‘मआसिरे आलमगिरी’, खाफीखानाचा ग्रंथ आणि मोगल सैन्यातील भीमसेन सक्सेना याच्या आठवणी अशी फारसी साधने आहेत. ईश्वरदास नागर हा आणखी एक फारसी इतिहासकार तर आपल्या गुजरातेतील पाटणचा. पोर्तुगीजांचे दप्तर आहे. आणि इंग्रजांच्या सुरतेच्या वखारीतून लिहिलेली पत्रेही आहेत. म्हणजे ज्या शहरात आपण सणासुदीची खरेदी करावयास जातो, तेच शहर या इतिहासाचे एक साक्षीदार आहे.

चित्रपटाचे बळ आणि चित्रपटाच्या मर्यादा

आता चित्रपटाकडे वळू. विकी कौशल यांनी संभाजी महाराजांची, रश्मिका मंदाना यांनी येसूबाईंची आणि अक्षय खन्ना यांनी औरंगजेबाची भूमिका केली आहे. हंबीररावांच्या भूमिकेत आशुतोष राणा आणि कवी कलशांच्या भूमिकेत विनीत कुमार सिंह आहेत. संगीत ए. आर. रहमान यांचे आहे. चित्रपट प्रचंड चालला, आणि मध्य प्रदेश व गोवा या राज्यांनी त्याला करातून सूट जाहीर केली. ज्या प्रांतांत संभाजी महाराजांचे नावही फारसे ठाऊक नव्हते, तेथे ते नाव एका महिन्यात पोहोचले. हे यश लहान म्हणता येणार नाही.

परंतु चित्रपटाला जेमतेम पावणेतीन तास मिळतात. आठशे पानांतील बत्तीस वर्षे पावणेतीन तासांत बसवावयाची म्हणजे गाळण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून ‘यात काय दाखविले?’ या प्रश्नाइतकाच ‘यात काय गाळले?’ हा प्रश्नही महत्त्वाचा असतो. दिग्दर्शकाने चित्रपटाचा आरंभच शिवाजी महाराजांच्या निधनानंतर केला आहे. त्यामुळे दिलेरखानाकडे जाण्याचा प्रसंग, म्हणजे संभाजी महाराजांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड आणि सर्वांत बोचरे प्रकरण, कथानकाच्या बाहेर राहते. कादंबरीकाराला हे प्रकरण टाळता आले नाही. नायकाच्या मनातील कोंडी त्याला पानोपानी उलगडावी लागली. वाचक म्हणून आपल्याला त्याचे समर्थन पटो वा न पटो, पण एक मोठा माणूस चुकू शकतो, परत येऊ शकतो आणि परत आल्यावर अधिक मोठा होऊ शकतो, हे त्या प्रकरणामुळेच कळते. ते गाळले की नायक अधिक तेजस्वी दिसतो, पण त्याच्या आयुष्यापासून शिकण्यासारखे त्या मानाने कमी उरते.

याउलट, चित्रपटाने एका व्यक्तीला न्यायही दिला आहे. जुन्या बखरींनी कवी कलश यांना राजाला कुमार्गाला लावणारा मांत्रिक म्हणून रंगविले होते. चित्रपटात ते अखेरच्या श्वासापर्यंत साथ देणारे मित्र आहेत. अंतकाळी ते महाराजांबरोबर होते आणि त्यांनीही तशाच यातना सोसल्या, हे तर इतिहासाला मान्यच आहे.

तीन प्रसंगांची तुलना

पहिला प्रसंग बऱ्हाणपूरचा. चित्रपटात महाराज स्वतः शहरात घुसतात. बहुतेक इतिहासकार मात्र या स्वारीचे नेतृत्व हंबीरराव मोहित्यांकडे देतात. दिग्दर्शकाने असे का केले असावे? कारण पडद्यावर नायकाचा प्रवेश पराक्रमानेच व्हावा लागतो. सेनापतीने मिळविलेल्या विजयाची वार्ता ऐकणारा राजा प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरत नाही. ही कलेची गरज झाली. पण बऱ्हाणपूरचे खरे महत्त्व तलवारीच्या खणखणाटात हरवू नये. हे शहर दक्षिणेचे दार होते आणि तेथील माल तापीच्या खोऱ्यातून सुरत बंदराकडे येत असे. तेथील बहादूरपुरा लुटला गेल्यावर शहरातील प्रतिष्ठित मंडळींनी बादशाहाला लिहिले की, आमचे जीवित व वित्त सुरक्षित नसेल तर आम्हांला शुक्रवारची नमाज बंद करावी लागेल; असे खाफीखान सांगतो. बादशाहाच्या नावाने ज्या प्रार्थनेत खुतबा वाचला जातो, ती बंद होणे म्हणजे त्याच्या सत्तेलाच आव्हान. एका व्यापारी पेठेची लूट साम्राज्याच्या मर्मावर कशी लागली, हे या तपशिलावरून समजते.

दुसरा प्रसंग गोव्याचा. आमची मातृभाषा कोंकणी. त्यामुळे या प्रकरणाकडे आमचे लक्ष अधिक जाते, हे आम्ही नाकारत नाही. 1683 च्या नोव्हेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या कोटाला वेढा घातला. संभाजी महाराज राजापूरहून धावून आले आणि वेढा उठवावा लागला. त्याच महिन्यात 24 तारखेच्या रात्री मराठ्यांनी नदी ओलांडून गोवा शहरासमोरील जुवे बेट घेतले. प्रतिकारासाठी आलेला व्हाइसरॉय जखमी झाला आणि पाण्यात बुडता बुडता वाचला. घाबरलेल्या व्हाइसरॉयने आपला अधिकारदंड संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीजवळ ठेवून शहराचे रक्षण करण्याची प्रार्थना केली. पुढे बारदेश व साष्टी या भागांत मराठी फौजा शिरल्या. इतक्यात शाहआलमची मोगल फौज घाट उतरत असल्याने महाराजांना माघारी फिरावे लागले. फोंडा भागात हडकोळण येथे त्यांच्या कारकिर्दीतील, 1688 सालचा मराठी शिलालेखही मिळालेला आहे.

इतके नाट्य ज्या प्रसंगात आहे, तो चित्रपटाच्या दृष्टीने दुय्यम ठरला; कारण संभाजी विरुद्ध औरंगजेब हा एकच धागा दिग्दर्शकाने घट्ट धरला आहे. परिणाम काय झाला? नऊ वर्षांचे बहुपेडी युद्ध दोन माणसांच्या द्वंद्वासारखे दिसू लागले. वास्तविक त्या युद्धात मोगल, सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज व्यापारी, विजापूर, गोवळकोंडा आणि स्वकीय वतनदार असे कितीतरी पक्ष होते. आणि त्यांतले मित्र-शत्रू धर्मावरून ठरत नसत. औरंगजेबाच्या स्वतःच्या मुलाला आश्रय दिला तो संभाजी महाराजांनी, आणि मोगलांच्या छावणीत मानाने वावरत होते कितीतरी रजपूत व मराठे सरदार.

तिसरा प्रसंग संगमेश्वरचा. चित्रपटात मूठभर मराठे शत्रूच्या लाटांशी दीर्घ काळ झुंजतात. फारसी साधनांतील वर्णन याहून खूपच आटोपशीर आहे. मोगलांची तुकडी अनपेक्षितपणे येऊन थडकली, थोडी झटापट झाली, संताजी घोरपड्यांचे वडील म्हाळोजी घोरपडे पडले, कवी कलश जखमी झाले आणि महाराज हाती लागले. फितुरी कोणाची? चित्रपटात गणोजी व कान्होजी शिर्के यांच्याकडे बोट दाखविले आहे. या प्रश्नावर अभ्यासकांत मतभेद आहेत. शिर्के घराण्याच्या आजच्या वंशजांनी तीव्र हरकत घेतली, तेव्हा दिग्दर्शकांनी त्यांच्यापाशी दिलगिरी व्यक्त केली. प्रदर्शनापूर्वीही लेझीमनृत्याच्या एका दृश्यावर आक्षेप आला होता आणि ते दृश्य गाळण्यात आले. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाविषयी काही दाखविले तरी ते आजच्या जिवंत माणसाच्या अंगाला जाऊन लागते, हे यावरून दिसते. आडनाव हा पुरावा नव्हे. वर्गात एखाद्याचे आडनाव ऐकून कोणी त्याला फितूर म्हणू लागला, तर तो इतिहासाचा अभ्यास नव्हे, निव्वळ अन्याय होय.

सोने शोधणारी माणसे

पडद्यावरील चित्र किती खरे मानावे, याचे एक विलक्षण उदाहरण 2025 च्या मार्च महिन्यात घडले. बऱ्हाणपूरजवळ असीरगड नावाचा प्राचीन किल्ला आहे. चित्रपटात या भागातील मोगली खजिन्याचे दर्शन घडल्यावर, जमिनीत सोन्याची नाणी पुरलेली आहेत अशी वार्ता पसरली. आणि आसपासचे लोक रात्रीच्या अंधारात विजेऱ्या, कुदळी आणि धातू शोधणारी यंत्रे घेऊन शेते खणू लागले. शेवटी पोलिसांना लक्ष घालावे लागले.

या लोकांना हसणे सोपे आहे. पण आम्हांला वाटते, थोड्याफार फरकाने आपण सारेच तसे वागतो. चित्रपटगृहातून बाहेर पडताना कोणी सोने शोधतो, कोणी शत्रू शोधतो. नागपूर शहरात त्याच महिन्यात औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून दंगल उसळली. सतराव्या शतकातील बादशाहाच्या क्रौर्याचा जाब एकविसाव्या शतकातील शेजाऱ्याला विचारणे म्हणजे शेतात खजिना खणण्यासारखेच आहे. तेथे जे पुरलेलेच नाही, ते सापडणार कसे? उलट चांगले उभे पीक मात्र नष्ट होते.

सुरतेचा आरसा

आपण कामरेजचे लोक असल्यामुळे आणखी एक गोष्ट आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळावयास हवी. शिवाजी महाराजांनी जानेवारी 1664 मध्ये आणि ऑक्टोबर 1670 मध्ये सुरत लुटली. महाराष्ट्रातील पुस्तकात या घटनेकडे शत्रूची आर्थिक नाडी दाबणारी धाडसी मोहीम म्हणून पाहिले जाते, आणि ते रास्तच आहे. शाइस्तेखानाने तीन वर्षे स्वराज्याची धूळधाण केली होती आणि त्याची भरपाई कोठून तरी व्हावयाची होती. परंतु त्या दिवशी सुरतेत राहणाऱ्या माणसाने ती घटना कशी पाहिली असेल? सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि रहिवाशांना वाऱ्यावर सोडले. वीरजी वोरा यांच्यासारख्या व्यापाऱ्यांची पेढी लुटली गेली. शेजारच्या बाकावरील गुजराती मित्राच्या घरी ही गोष्ट निराळ्या सुरात सांगितली गेली, तर रागावण्याचे कारण नाही. दोन्ही गोष्टी एकाच घटनेच्या आहेत.

साष्टी-बारदेशातील खेडुतांविषयीही हेच म्हणावे लागेल. पोर्तुगीजांच्या जाचाखाली दबलेल्या त्या लोकांना मराठी फौज येण्याने आशा वाटली असेल, आणि फौज गावातून गेल्यावर त्यांची धान्याची कोठारे रिकामीही झाली असतील. युद्ध न्यायाचे असले तरी त्याची किंमत गरीबच मोजतो. थोर राजाचा गौरव करताना या माणसांची आठवण ठेवली म्हणून राजाचा गौरव कमी होत नाही.

हे नवीन नाही

कादंबरी आणि चित्रपट यांनी मिळून इतिहासाची जागा घ्यावी, असे प्रथमच घडते आहे असे समजू नका. हरि नारायण आपटे यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिली. तिच्या आधारे बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात 1923 मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला आणि 1933 मध्ये व्ही. शांताराम यांनी प्रभात कंपनीसाठी त्याच नावाचा बोलपट काढला. तानाजींच्या बलिदानामुळेच कोंढाण्याला सिंहगड हे नाव पडले, ही समजूत आज प्रत्येक मराठी मुलाच्या मनात पक्की बसलेली आहे. परंतु सिंहगड हे नाव 1670 पूर्वीच्या पत्रव्यवहारातही आढळते. तानाजींचे शौर्य यामुळे तिळमात्र उणे होत नाही. फक्त नावाची कथा निराळी ठरते. एका सुंदर शीर्षकाचा प्रभाव शंभर वर्षे टिकतो, तो असा.

मग कादंबरी वाचू नये, चित्रपट पाहू नये काय? मुळीच नाही. इतिहासाचा ग्रंथ आपल्याला सांगतो की अमुक दिवशी अमुक घडले. कादंबरी विचारते की, त्या रात्री त्या माणसाला झोप लागली असेल काय? हा प्रश्न कागदपत्रांत नसतो, तरी तो खोटा नव्हे. येसूबाई कैदेत गेल्या त्या 1689 मध्ये, आणि सुटल्या 1719 मध्ये. इतिहासाच्या पुस्तकात ही एक ओळ आहे. परंतु त्या ओळीत तीस वर्षे आहेत. ती तीस वर्षे कल्पनेच्या डोळ्यांनी पाहावयास आपल्याला शिकवते ते ललित वाङ्मयच. चित्रपट त्यापुढे जाऊन चेहरा, आवाज, पाऊस, चिखल आणि रक्त दाखवितो. त्याची शक्ती मोठी आहे, म्हणूनच त्याचा परिणामही जपून घ्यावयास हवा. छळाची दृश्ये इतकी तीव्र आहेत की परीक्षण मंडळाने सोळा वर्षांखालील मुलांनी तो पालकांच्या देखरेखीखालीच पाहावा अशी अट घातली. पालकांनी ती मनावर घ्यावी, अशी आमची विनंती आहे.

शेवटी तीन साधे नियम सांगतो. पहिला : चित्रपट पाहिला असेल तर कादंबरी वाचा, आणि कादंबरी वाचली असेल तर बेंद्रे किंवा कमल गोखले यांच्या ग्रंथातील निदान एक प्रकरण वाचा. दुसरा : कोणतीही साक्ष वाचताना ती कोणाची, कधीची आणि कोणाच्या बाजूची, हे विचारा. तिसरा : मन भरून आले असताना निर्णय घेऊ नका, अश्रू पुसा, पाणी प्या आणि मग विचार करा.

संभाजी महाराजांच्या वधानंतर स्वराज्य बुडाले नाही. राजाराम महाराज जिंजीला गेले, संताजी-धनाजींनी मोगलांना हैराण केले, पुढे ताराबाईंनी लढा चालविला. राजा नसताना, खजिना नसताना आणि राजधानीही पडलेली असताना लोक अठरा वर्षे लढत राहिले. एका माणसाच्या धैर्याचे हजारोंच्या धैर्यात रूपांतर झाले. त्या हजारोंपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही कादंबरीत नाहीत, कोणत्याही पडद्यावर नाहीत. त्यांची ओळख करून घ्यावयाची असेल तर जुने कागद वाचावयास शिकले पाहिजे; आणि ते काम, विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणीतरी उद्या हाती घ्यावे, अशी आमची इच्छा आहे.

स्वाध्याय

1. मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीची साक्ष तपासून का घ्यावी लागते? आपल्या शब्दांत लिहा.
2. बऱ्हाणपूर आणि सुरत यांचा व्यापारी संबंध नकाशावर तापी नदी रेखाटून दाखवा.
3. कादंबरीतील दिलेरखान-प्रकरण चित्रपटात असते, तर नायकाविषयीचे आपले मत बदलले असते काय? सकारण सांगा.
4. सुरतेच्या लुटीची हकीकत एकदा मराठा सैनिकाच्या आणि एकदा सुरतेतील लहान दुकानदाराच्या तोंडून, प्रत्येकी वीस ओळींत लिहा.
5. घरातील वडीलधाऱ्या मंडळींना विचारून आपले कुटुंब कामरेज-सुरत भागात केव्हा व का आले, याची नोंद करा. आणि ऐकलेल्या माहितीतील कोणता भाग कागदोपत्री तपासता येईल, तेही लिहा.